अडतिसावं पान

तिच्या चष्म्याच्या फ्रेममध्ये माझ्या नंबरच्या काचा बसतील का, हे विचारायला मी दुकानात गेलो होतो. दुकानदारानं फ्रेम उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, ही बायकांची आहे." मी म्हटलं, "माहीत आहे. बायकोचीच आहे." मग तो गप्प झाला आणि फ्रेमच्या काड्या उगाचच दोनदा पुसल्या. पाच महिने झाले तिला जाऊन. लोक अजून असेच गप्प होतात, आणि मग मलाच त्यांना सावरून घ्यावं लागतं. मी म्हटलं, "माझं नाक तिच्याएवढंच आहे, बसेल ती." तो हसला, मीही हसलो, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काका, ओळखलंत का?"

केस पांढरे झाले होते, अंगानं भरली होती, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच. खांदे वर काढून, आत्ता कुणाशी तरी भांडायचंय अशी. टाचणी. हे नाव तिला माझ्या बायकोनं ठेवलं होतं. विद्यापीठाच्या भित्तिपत्रकाचे कागद लावायला ही पोरगी कायम दातांत टाचण्या धरून फिरायची, आणि बायको तिला म्हणायची, "अगं, एखादी गिळशील आणि मग माझ्या तासाला टोचत बसशील." आता टाचणी स्वतः कुठल्याशा कॉलेजात शिकवते. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. बाईंच्या नावानं वाचनकक्ष होतोय, त्याबद्दल बोलली. परवा कार्यक्रम आहे, त्यात तिला भाषण करायचंय, हेही सांगितलं. मला ते पत्रातून माहीत होतं. मग ती जरा अडखळली. चेहऱ्यावरून कळतं माणूस अडखळलं की.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"दहाव्या कलमाच्या वर्षी बाईंनी सही केली नव्हती ना?"

"नव्हती केली."

"मी काल रेकॉर्डमध्ये गेले होते. ते कोरं पान मला भाषणात दाखवायचं होतं." तिनं माझा हात सोडला. "सही आहे, काका."

मी दुकानदाराकडे वळलो आणि विचारलं, "काचा कधी मिळतील?"

तो म्हणाला, "परवा सकाळी." टाचणी अजून माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी ही गोष्ट पाचशे मुलांना तरी सांगितली असेल. आमच्या बाईंनी पान कोरं ठेवलं, असं. बाई खोटं बोलायच्या नाहीत हो, काका." मी म्हटलं, "नाही बोलायची." आणि दुकानातून बाहेर आलो, फ्रेम तिथंच ठेवून, पावती न घेता.

घर तिथून वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. वारा होता. रस्त्याच्या कडेला कुणीतरी जुनी खुर्ची टाकून दिली होती, तिच्यावर मी थोडा बसलोही. माणसं बघत जात होती. मला आठवत होतं ते आमचं तळघर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली बाइंडिंगचा विभाग होता. विभाग म्हणजे दोन खोल्या, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, एक कटर, खळीचा टोप, दोऱ्याची रिळं आणि मी. एकोणतीस वर्षं मी तिथं पुस्तकं शिवली. वाचली त्यातला शंभरावा हिस्सा. बायको म्हणायची, "तुम्ही पुस्तकाच्या पाठीचे तज्ज्ञ. पोटात काय दुखतंय ते मला विचारा." ती वर शिकवायची, मी खाली शिवायचो. लग्नाआधी ती पहिल्यांदा खाली आली ती आईचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन. पाठ उसवली होती, पानं सुटी झाली होती. मी म्हटलं, "आठ दिवसांनी या." ती म्हणाली, "आठ दिवस प्रार्थना कशी करू?" मी म्हटलं, "पाठ नाही का अजून?" ती म्हणाली, "पाठ आहे हो, पण पाठ म्हटलं की मी दुसऱ्याच गोष्टींचा विचार करते. पुस्तक समोर असलं की जरा लाज वाटते." मी ते पुस्तक त्याच दिवशी शिवून दिलं. खळ नीट सुकली नव्हती, त्यामुळे दोन पानं एकमेकांना चिकटली ती कायमचीच. ती सगळ्यांना सांगायची, "आमच्या ह्यांच्यामुळे मला दोन प्रार्थना कधीच येत नाहीत."

हे सांगतोय कारण लोकांना वाटतं, जिनं सही नाकारली तिची श्रद्धा कमी असणार. तसं नव्हतं. रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून ती प्रार्थना करायची, आणि त्या वेळी मी चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचो. आमचं विद्यापीठ धर्मसंस्थेचं. तिथं दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा, आणि वर्ष प्रतिज्ञेनं. प्रत्येक शिक्षकाला छापील प्रतिज्ञापत्र मिळायचं, वर त्याचं नाव, खाली नऊ कलमं. पहिल्या दिवशी प्रार्थना संपली की एकेकानं उठायचं, काळ्या पेनानं सही करायची, पान लाकडी पेटीत टाकायचं. पेटी कुलसचिवांकडे जायची, आठवड्यानं तो गठ्ठा माझ्याकडे. मी पानांवर आकडे घालायचो, दाभणानं भोकं पाडून शिवायचो, काळा पुठ्ठा चढवायचो. मग ते बाड परत वर जायचं. तिथं कुलसचिव एकदाच पानं उलटत खालच्या कोपऱ्यावरून नजर फिरवायचे आणि बाड कपाटात. आधी कुणी बघायचं नाही. शिवून आल्यावरच बघायची पद्धत. का, ते मी कधी विचारलं नाही. ही नऊ कलमं तिनं वर्षानुवर्षं आनंदानं मान्य केली. खोटं बोलणार नाही, विद्यार्थ्याला दुखावणार नाही, प्रार्थना चुकवणार नाही. ती म्हणायची, "यातलं शेवटचं तेवढं तुमच्या खळीमुळे जमत नाही."

मग टाचणीचा भाऊ गेला. एकोणीस वर्षांचा. ताप आला आणि नवव्या दिवशी गेला. त्या नऊ दिवसांत सगळं विद्यापीठ त्याच्यासाठी प्रार्थना करत होतं, तळघरात मीही. पुढच्या महिन्यात टाचणीनं भित्तिपत्रकात एक पान लिहिलं. शिवी नव्हती, टिंगल नव्हती. एवढंच लिहिलं होतं की आपण चारशे माणसांनी नऊ दिवस मागितलं, उत्तर आलं नाही, आणि आता मला उत्तर आलं नाही असं म्हणायलाही बंदी आहे का? तो मजकूर लावायला परवानगी लागायची, आणि परवानगीचा अधिकार माझ्या बायकोकडे. तिनं वाचलं, एक शब्द बदलला नाही, खाली आपली सही केली. दोन दिवस पान भिंतीवर होतं. तिसऱ्या दिवशी तिथं चार भोकं होती. टाचणीला एका वर्षासाठी घरी पाठवलं. आई-बाप आले होते न्यायला. बापानं तिची पेटी उचलली तेव्हा ती म्हणाली, "मी उचलते, बाबा," आणि बाप म्हणाला, "तुझं पुरे झालं आता उचलणं." हे मी तळघराच्या खिडकीतून ऐकलं. तिथून माणसांचे फक्त पाय दिसायचे.

कुलगुरू वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. म्हातारे होते, त्या मुलाच्या अंत्यविधीला उन्हात उभे राहिले होते. त्यांनी बायकोला बोलावून घेतलं. ती घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगायची, आवाज काढून. ते म्हणाले होते, "बाई, घराला उंबरा असतो. बाहेर शंभर विद्यापीठं आहेत, तिथं कुणी काहीही बोलावं. आपल्याकडे लोक विश्वासानं मुलं पाठवतात. विश्वासाच्या घरात शंकेची पाटी लावायची का?" ही म्हणाली, "शंका घरातल्याच मुलीला आली, सर. बाहेरून नाही आली. घरातल्या माणसानं घरात रडायचं नाही, तर कुठं?" त्यांनी तिला बसायला खुर्ची दाखवली. मग म्हणाले, "तुमचं खरंही असेल. पण मला एकट्याला घर चालवायचं नाहीये." आणि त्या वर्षी प्रतिज्ञापत्रात दहावं कलम आलं. संस्थेच्या श्रद्धेविरुद्ध बोलणार नाही, आणि बोलणाऱ्याला थारा देणार नाही.

"पहिला अर्धा भाग मी पाळतेच," बायको जेवताना म्हणाली. "दुसरा नाही पाळता येणार. थारा कसा नाही देणार? वर्गात मूल काही बोललं तर काय त्याच्या तोंडावर हात ठेवू?"

मी म्हटलं, "सही करून टाक. पाळतंय कोण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, न पाळण्यासाठी सही करायची, तर ती नऊ तरी कशाला पाळली इतकी वर्षं?"

मला तिच्यासारखं बोलता यायचं नाही. मला एवढंच दिसत होतं की सही नाही म्हणजे नोकरी नाही, आणि शिकवणं गेलं तर ही बाई घरात काय करेल? खिडकीपाशी उभी राहील आणि सुकत जाईल. तिच्या आईला मी तसं सुकताना पाहिलं होतं. पहिल्या दिवशी ती गेली, प्रार्थना केली, आणि सही न करता पान पेटीत टाकून आली. संध्याकाळी म्हणाली, "टाकलं कोरं. आता बघू." तिचे हात गार पडले होते. मी ते हातात घेऊन चोळले, आणि ती म्हणाली, "तुमच्या हाताला खळीचा वास येतो. बरं वाटतं."

आठवड्यानं गठ्ठा खाली आला. मी दार लावून घेतलं नव्हतं, चोरासारखा वागलो नव्हतो, हे मला नीट आठवतं. उजेड होता, दुपार होती, वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकत होत्या. मी आकडे घालत गेलो, पस्तीस, छत्तीस, सदतीस. अडतिसाव्या पानावर तिचं नाव छापलेलं. खाली मोकळी जागा. एवढीशी जागा, पण पानभर तीच दिसत होती. माझ्या हातात टाक होताच. तिची सही मी हजारदा पाहिलेली. वेलांटी मोठी, शेवटी खाली ओढलेली रेघ, कंटाळा आल्यासारखी. मी केली. मग एकोणचाळीस आकडा घातला, चाळीस घातला. मी चांगला कारागीर होतो. कागदाचा पोत अंधारातही हातानं ओळखायचो. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, आणि नंतर सत्तावीस वर्षं आली नाही. म्हणजे परवा त्या टाकलेल्या खुर्चीवर बसलो तेव्हापर्यंत. आकडे घालायला तळघरात जांभळी शाई असायची.

कुलसचिवांनी बाड पाहिलं असेल, कोपऱ्यातली खूण पाहिली असेल, रंग कोण बघतो? कुणी बोलावलं नाही. बायको रोज वाट बघायची. महिना गेला, दोन गेले. मग एक दिवस ती घरात आली ती चप्पल न काढताच. म्हणाली, "अहो, ते मला काही विचारणार नाहीत. त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. संस्थेनं मोठं मन दाखवलं हो!" असा चेहरा मी तिचा लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तिनं टाचणीला पत्र लिहिलं. मी सही केली नाही, मला कुणी काढलं नाही, म्हणजे इथं जागा आहे, तू परत ये. टाचणी आली. पुढच्या वर्षीच्या छापील पानावर पुन्हा नऊच कलमं होती. म्हाताऱ्या कुलगुरूंनीच दहावं काढलं असावं, पण बायकोला वाटायचं तिच्या कोऱ्या पानानं ते झालं. मी काय सांगणार होतो? तिचा आनंद माझ्या जांभळ्या रेघेवर उभा होता. सांगितलं की पडला. पाहुणे आले की ती ही गोष्ट सांगायची. भाच्याच्या लग्नात सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, दात काढायला गेली तेव्हा डॉक्टरला सांगितली, तोंडात कापूस असताना. मी तिथून उठून काहीतरी आणायला जायचो. ती म्हणायची, "यांना माझं कौतुक ऐकवत नाही."

मग कधीतरी तिनं ती गोष्ट सांगणं बंद केलं. नेमकं केव्हा, ते मला सांगता येत नव्हतं. मला वाटलं वय झालं. वयानं गोष्टी गळतात. शेवटच्या वर्षांत तिची बोटंही दुखायची. दारात पार्सल घेऊन माणूस आला की ती आतून ओरडायची, "माझी सही तुम्हीच करा हो, तुम्हाला छान जमते!" नातीच्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा, "माझी पण तुम्हीच." मी करायचो. तीच मोठी वेलांटी, तीच कंटाळलेली रेघ. ती चष्मा वर करून बघायची आणि म्हणायची, "वा. मलाही इतकी चांगली येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठात गेलो. टाचणीला फोन करून तिथंच बोलावलं. तळघर आता नाही, तिथं सायकली ठेवतात. जमिनीत शिकंज्याच्या पायांची चार भोकं तेवढी राहिली आहेत. रेकॉर्डची खोली वरच्या मजल्यावर. आत्ताचा कुलसचिव स्वतः आला. चाळिशीचा आहे, बायकोच्याच हाताखाली शिकलेला. "काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात? उद्याची सगळी तयारी झालीय." मी म्हटलं, "मला एक बाड बघायचंय." त्यानं नोंदवही पुढे केली. बाड बघायला येणाऱ्यानं नाव, तारीख आणि कारण लिहायचं अशी तिथली रीत. प्रत्येक बाडाला वहीत स्वतंत्र पान. त्या वर्षाच्या बाडाच्या पानावर सगळ्यात खाली टाचणीचं नाव होतं, कालपरवाचं. तिच्या वर एकच नाव. नऊ वर्षांपूर्वीचं. माझ्या बायकोचं. तारीख तिच्या निवृत्तीच्या आठवड्यातली. कारण, तिच्या अक्षरात, "एक पान पाहायचं आहे." शेजारी तिची सही. काळ्या शाईत.

मी खुर्ची ओढून बसलो. तो दिवस मला लगेच आठवला. मी शेजाऱ्यांच्या पोरीचं फाटलेलं पुस्तक घेऊन बसलो होतो, स्वयंपाकघरात खळ शिजत होती. ती दुपारीच घरी आली. मला वाटलं निवृत्तीचं वाईट वाटतंय. ती माझ्यासमोर बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "खळ पातळ झालीय."

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं तरी थांबेना. मला कळेना एवढं काय झालं. मग ती उठली, चमचाभर पीठ आणून टोपात टाकलं आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहिली, माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर नऊ वर्षं ती माझ्याबरोबर जेवली, झोपली, भांडली, औषधं विसरली म्हणून मला रागावली. तिनं पुन्हा विचारलं नाही. एकदा सोडून. दवाखान्यात, अगदी शेवटी, नळ्या लावलेल्या असताना मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "अहो, ती जांभळी शाई संपली का हो?" मला वाटलं भ्रमात आहे. मी म्हटलं, "संपली केव्हाच. तू पड." तिनं माझ्या हातावर थोपटलं, आणि पडली.

कुलसचिवानं बाड आणून उघडलं. शिवण माझीच, अजून घट्ट. अडतिसाव्या पानावर बोट ठेवून मी टाचणीला म्हटलं, "वर आकडा बघ. खाली सही बघ. आता दुसरं कुठलंही पान उलट." तिनं उलटलं. सगळ्या सह्या काळ्या. ती पुन्हा अडतिसाव्यावर आली. नजर आकड्यावरून सहीवर, सहीवरून माझ्यावर. हुशार पोरगी, नेहमीच होती.

"काका, तुम्ही?"

"मीच."

ती खिडकीकडे गेली आणि उभी राहिली. कुलसचिव खुर्चीवर बसला. त्याला आधी सगळं कळलंच नाही. मी क्रमानं सांगितलं, पेटीपासून. आयुष्यात इतकं सलग बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर पिशवीतून डबा काढला. सकाळी तिच्या छोट्या टोपात खळ शिजवून आणली होती. ब्रश आणला होता, हाडाची पट्टी आणली होती, आणि एक पान. बाइंडिंगमध्ये अशी सोय असते. छापताना चूक राहिली तर पुस्तक उसवत नाहीत, चुकलेलं पानही फाडत नाहीत. एक जास्तीचं पान घेतात, कडेला बोटाएवढी खळ लावून त्या पानाशेजारी डकवतात. चूक तिथंच राहते, आणि ती चूक आहे हेही तिथंच राहतं. पानावर मी लिहिलं होतं, 'समोरच्या पानावरची सही माझी आहे. मी इथं बाइंडर होतो. माझ्या बायकोनं हे पान कोरं ठेवलं होतं. तिला न विचारता मी ते भरलं.' खाली माझी सही. एकोणतीस वर्षांत संस्थेनं माझ्याकडून कधी प्रतिज्ञा घेतली नव्हती. बाइंडरला कोण विचारतं?

कुलसचिवानं ते वाचलं आणि कपाळ चोळलं. "काका, उद्या कार्यक्रम आहे. पाटी कोरून झालीय. समितीनं बाईंचं नाव घेतलं ते तीस वर्षं अखंड निष्ठा म्हणून. ही नोंद आत गेली की मला समितीला कळवावं लागेल. नाव राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

"निष्ठा अखंडच होती तिची," मी म्हटलं. "सही नव्हती."

"मला कळतंय हो ते. पण समितीत सगळेच त्यांचे विद्यार्थी नाहीत." त्यानं तो कागद माझ्यापुढे ठेवला. "असं करूया का? तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. इथंच राहू दे. बाईंचं नाव दारावर लागू दे. त्यांना आवडलं असतं वाचनकक्ष."

आवडलं असतं. खरंच आवडलं असतं. मला तो कक्ष डोळ्यांसमोर दिसत होता, मोठ्या खिडक्या, बसलेली पोरं, दारावर तिचं नाव. आमच्या मुलीला मी कार्यक्रमाचं फोन करून सांगितलं होतं, ती नातीला घेऊन विमानानं निघाली होती. नातीला पाटीसमोर उभं करून फोटो काढायचा होता. मी डब्याचं झाकण धरून बसलो. माझ्या तोंडात पुन्हा तेच आलं, खळ, काचा, काहीतरी दुसरंच. माणूस दुसरंच बोलतो तेव्हा समोरच्याला कळतं, एवढंच मला इतक्या वर्षांनी कळलं होतं.

"मी एकदा तिच्या जागी सही केली," मी म्हटलं. "तिचं भलं व्हावं म्हणून. आता परत तेच करा म्हणताय."

मग उठून त्यानं नोंदवही माझ्याकडे सरकवली. "कारण लिहा," तो म्हणाला. "कारण लिहिल्याशिवाय बाडाला हात लावता येत नाही." मी तिच्या आणि टाचणीच्या खाली नाव घातलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "एक पान द्यायचं राहिलं होतं."

टाचणी खिडकीकडून आली आणि न सांगता तिनं बाडाची डावी बाजू दोन्ही हातांनी दाबून धरली. कडेला खळ ओढली, पान शिवणीत सरकवलं, पट्टीनं वरून खाली एकदा दाबलं. सरळ बसलं. तिघेही त्याच्याकडे बघत होतो.

"बाईंना माहीत होतं?" टाचणीनं विचारलं. तिनंही वहीतलं ते नाव पाहिलं होतं.

"नऊ वर्षं."

"मग तुम्हाला बोलल्या का नाहीत?"

मी ब्रश डब्यात ठेवला. "मी आपणहून सांगावं म्हणून. तिला कुणाकडून वदवून घ्यायला आवडायचं नाही."

टाचणीनं तोंड फिरवलं. कुलसचिवानं, सवयीनं असेल, बाड मिटायला हात पुढे केला.

"नको," मी म्हटलं. "ओलं आहे अजून. आत्ता मिटलंत तर समोरच्या पानाला चिकटेल, मग कुणालाच वाचता येणार नाही."

"किती वेळ लागेल?"

"तासभर. राहू दे उघडं."

त्यानं हात मागे घेतला. बाहेर प्रार्थनेची घंटा झाली. तो जायला उठला नाही. दुसरी खुर्ची ओढून आमच्याजवळ बसला, आणि आम्ही तिघं ते सुकायची वाट बघत बसलो.